प्री-सीझनची (लीग सुरू होण्याआधीची, सरावाची) फुटबॉल मॅच बघायला परदेशी जावं का? (मुलगा नववीत, टीम पंधरावी)

झेरॉक्सवाला_वेंगुर्ला

नमस्कार मंडळी. प्रश्न पैशांचा आहे, पण नुसता पैशांचा नाही. म्हणून जरा पाल्हाळ लावतोय, सांभाळून घ्या.

एसटी स्टँडजवळ माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे. मुलगा नववीत आहे आणि मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश क्लबचा भक्त. या क्लबने लीग शेवटची जिंकली २०१३ साली, तेव्हा हा दोन वर्षांचा होता. त्यामुळे जिंकणाऱ्याच्या मागे लागला असं कोणी म्हणू नये. हरणाऱ्याच्याच मागे लागलाय, बापासारखा. जर्सी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली, साडेतीनशे रुपयांची. दोन धुण्यांत छातीवरच्या जाहिरातीची अक्षरं सुटून आली, क्लबचं चिन्ह तेवढं टिकलं. पोरगा रडवेला झाला. मला मनातून वाटलं, बरंच झालं.

तर माझा मेहुणा मलेशियात, क्लांगच्या बंदरात नोकरीला. २०२५च्या मे महिन्यात युनायटेड क्वालालंपूरला आली तेव्हा तो बुकिट जलीलच्या स्टेडियममध्ये होता. लीगचा शेवटचा सामना रविवारी २५ तारखेला झाला आणि बुधवारी २८ला ही मंडळी तिकडे उतरून खेळायला उभी. लीगमध्ये पंधरावा नंबर, वर युरोपा लीगची फायनल हरलेले. चेहऱ्यावर काय असणार? समोर आसियान देशांतल्या खेळाडूंची जमवलेली टीम. युनायटेडवाले ०-१ असे हरले, गोल म्यानमारच्या माँग माँग ल्विनने मारला. ज्या लोकांनी पैसे मोजून लाल जर्सी घातल्या होत्या त्यांनीच शेवटी हुर्यो केली. मेहुण्याचा रात्री फोन आला, "भावजी, धावत होते ते फक्त बॉलबॉय."

आणि गंमत बघा, हाच मेहुणा आता म्हणतो, पुढच्या वेळी त्या बाजूला कुठलाही मोठा क्लब आला की भाच्याला घेऊन या, राहण्या-जेवणाचं मी बघतो. पोरगा तेव्हापासून हवेत आहे. मी वहीत हिशेब मांडला. दोघांचे पासपोर्ट, गोव्याहून विमान, मॅचची तिकिटं, तिथलं इकडेतिकडे. ८५ हजारांवर येऊन थांबलोय, आणि वही अजून मिटलेली नाही. आमच्या दुकानाची कमाई जूनमध्ये, वह्या-पुस्तकांची. बाकी वर्ष आधार कार्डाच्या झेरॉक्सवर.

आता दुसरी गोष्ट, जिच्यामुळे मी गोंधळलोय.

एफसी गोवा एएफसी चॅम्पियन्स लीग टू मध्ये (आशियातल्या क्लबांची स्पर्धा) पोहोचली आणि ऑगस्टमध्ये ड्रॉ निघाला तो रोनाल्डोच्या सौदी क्लबबरोबर, अल नस्रबरोबर. म्हणजे रोनाल्डो फातोर्ड्याला, मडगावच्या स्टेडियमवर येणार! आमच्यापासून शंभरेक किलोमीटरवर! सामना २२ ऑक्टोबर २०२५, म्हणजे ऐन दिवाळीचा पाडवा. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "पाडव्याच्या दिवशी घो घरात नाय, मग मी ओवाळू कोणाक?" शेवटी सकाळी आठलाच ओवाळून घेतलं, दुकानात वहीपूजन उरकलं आणि शेजाऱ्याची गाडी घेऊन शिरोडा-आरोंदा करत पेडण्यात उतरलो. दोन तिकिटांना जे गेले ते कुठल्याच वहीत लिहिलेले नाहीत.

रोनाल्डो आला नाही. टीमबरोबर भारतात उतरलाच नाही. हे आम्हाला आधी कळलं होतं, पण पोराने शेवटपर्यंत मानलं नाही. झुआरीच्या पुलावर मला म्हणतो, "बाबा, सरप्राइज असतला." वॉर्म-अपला टीम बाहेर आली तेव्हा तो उभा राहून एकेक तोंड मोजत होता. मोजून झाल्यावर गप्प खाली बसला आणि पिशवीतली चकली काढून खायला लागला.

रोनाल्डोवर माझा राग नाही. चाळीस वर्षांचा माणूस आहे, आठवड्याला दोन मॅच खेळतो, कुठली सोडायची ते तो आणि त्याचा क्लब बघेल. पण पुढचं ऐका. नस्रने अर्ध्या तासाच्या आत दोन गोल मारले. मी म्हटलं, आता पाच-सहा होतात. तर हाफ टाइमच्या जरा आधी ब्रायसन फर्नांडिसने एक परतवला. आपल्या गोव्याचा पोरगा! त्या क्षणी स्टेडियम जे उठलं ना, माझ्या मांडीवरचा चकलीचा डबा पुढच्या रांगेतल्या बाईंच्या डोक्यावर. त्या बाईंनी मागे वळून माझाच हात धरून उड्या मारल्या. पुढची पंचेचाळीस मिनिटं आम्ही दोघं बापलेक रोनाल्डोला साफ विसरलो. १-२ हरलो. येताना म्हापशाला ऑम्लेट-पाव खाल्ला तेव्हा पोरगा फक्त ब्रायसनबद्दल बोलत होता.

आमच्याकडे जत्रेला दशावतारी कंपनी ठरवतात. राजपार्टी नटाचं नाव बोर्डावर असतं, लोक त्याच्यासाठी लांबून येतात. तो आलाच नाही तर नुसत्या संकासुरावर रात्र निघत नाही, लोक देवस्थानच्या मानकऱ्यांना धरतात. पण कधीकधी बदली आलेला नवखा पोरगा युद्धाला असा काही उभा राहतो की पहाटेपर्यंत कोणी हलत नाही. फातोर्ड्याला ते झालं. प्री-सीझनच्या मॅचमध्ये होईल का? तिथे हरलं काय, जिंकलं काय, कोणाचं काय जाणार?

तर प्रश्न असा: कोणी असली परदेश दौऱ्यातली मॅच प्रत्यक्ष बघितली आहे का? पैसे वसूल वाटले का? आणि दुसरं, जरा टोचणारं: हे क्लब आपल्याकडे खेळायला येतात, की गल्ला भरायला? आणि गल्ला भरायला येत असतील तर आपण जायचं की नाही?

डेकवरून

गुहागरचा आहे, मर्चंट नेव्हीत. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, कारण मी ते हाँगकाँगला ४ फेब्रुवारी २०२४ला घेऊन आलोय.

जहाज जॉइन करायला गेलो होतो, जहाज उशिरा येणार म्हणून हॉटेलात चार दिवस. त्यात मेस्सीच्या इंटर मायामी क्लबची मॅच. सगळ्यात स्वस्त तिकीट ८८० हाँगकाँग डॉलर, आपले नऊ हजारांवर. मनात म्हटलं, मेस्सी एकदा डोळ्याने बघू, मग समुद्र आहेच सहा महिने.

मेस्सी बाकावर बसून राहिला, दुखापत होती. त्याला मी दोष देत नाही, दुखतंय तर दुखतंय. मायामीने ४-१ अशी मॅच मारली, पण कोणाला पडलीय! ऐंशीव्या मिनिटाच्या आसपास लोकांना कळलं की हा उतरतच नाही, आणि अख्खं स्टेडियम "रिफंड, रिफंड" ओरडायला लागलं. माझ्या शेजारी एक चिनी आजोबा नातवाला घेऊन आले होते. नातवाच्या हातात घरून रंगवून आणलेला पुठ्ठा. आजोबांनी तो शांतपणे चार घड्या घालून खिशात ठेवला. मायामीचा एक मालक बेकहॅम आभार मानायला माइकवर आला तर त्याचीही हुर्यो. आणि तीनच दिवसांनी टोकियोत मेस्सी अर्धा तास खेळला. मग तिकडे जे काही पेटलं ते तुम्ही वाचलं असेलच. आयोजकांनी शेवटी अर्धे पैसे परत दिले.

हे काही पहिलंच नव्हतं. २०१९ला सोलला युव्हेंटस (रोनाल्डोचा तेव्हाचा क्लब) आली होती. रोनाल्डो किमान ४५ मिनिटं खेळणार अशी जाहिरात, आणि तो पूर्ण वेळ बाकावर. तिथले फॅन कोर्टात गेले आणि कोर्टाने आयोजकांना भरपाई द्यायला लावली. आपल्याकडे डिसेंबर २०२५ला कोलकात्याला सॉल्ट लेक स्टेडियममध्ये तर मॅचही नव्हती, मेस्सी नुसता दर्शनाला आलेला. तो पुढाऱ्यांच्या आणि पासवाल्यांच्या गराड्यात दिसलाच नाही, म्हणून लोकांनी खुर्च्या उपटून फेकल्या.

तेव्हा झेरॉक्सवाले, जायचं तर जा. पण तिकीट काढताना पोस्टरवरचं तोंड बघू नका, टीम बघा. आणि पहिल्या हाफलाच सगळं बघून घ्या. दुसऱ्या हाफला अकराच्या अकरा बदलतात, मग अकादमीची पोरं.

कलमी_हापूस

८५ हजारात चांगली शंभरेक कलमं लागतील. पाच वर्षांनी फळ. विचार करा.

मडगांवचो

पात्रांव, कलमं लावायला जमीन लागते, ती आता कोणाकडे उरली आहे!

मी फातोर्ड्यापासून चालत दहा मिनिटांवर राहतो. १९८९ला स्टेडियम झालं तेव्हापासून जातोय. पाडव्याला मीही होतो, ब्रायसनच्या गोलला माझ्या चष्म्याची काडी तुटली. पण मी वेगळंच सांगणार आहे, थोडं कडू लागेल.

तुम्ही लोक विचारता, परदेशी क्लब गल्ला भरायला येतात का. येतात, त्यात लपवण्यासारखं काय आहे? पण आमचा खेळ बाहेरच्यांनी नाही मोडला. आमच्या धेंपो क्लबने पाच वेळा देशाची लीग जिंकली. साळगावकर, चर्चिल, स्पोर्टिंग, ही आमची घरची नावं. धेंपो-साळगावकर मॅचला सासरा एका बाजूला आणि जावई दुसऱ्या बाजूला बसायचा, आणि रविवारचं जेवण त्या निकालावर ठरायचं. मग ठरलं की आता झगमगाटाची लीग (आयएसएल) मुख्य होणार, जुन्यांनी खाली बसावं. २०१६ला साळगावकर आणि स्पोर्टिंग आय-लीग (ती जुनी देशाची लीग) सोडून निघाले, मागोमाग धेंपो. कोणी रस्त्यावर आलं नाही. मीही नाही आलो, उगाच शहाणपणा कशाला सांगू? एफसी गोव्याचा सीझन पास घेतला आणि नारिंगी टी-शर्ट चढवला.

आणि आता बघा, ज्या दिवशी अल नस्र फातोर्ड्यात खेळत होती त्या दिवशी आमची स्वतःची लीग सुरूच नव्हती! लीग चालवण्याच्या हक्कांचा करार डिसेंबरात संपणार, नव्याचं ठरेना, म्हणून सगळं लटकलेलं. दिवाळी गेली, नाताळ आला, तरी तारीख नव्हती. गोव्याने डिसेंबरात सुपर कप मारला, फायनल पेनल्टीवर, ती पण आमच्याच मैदानात. बाकी खेळाडू काय करत होते? नुसती प्रॅक्टिस. रोनाल्डो आला नाही याची बातमी आठ दिवस चालली. लीगच वेळेवर आली नाही याची किती चालली?

मुलाला क्वालालंपूरला न्यायच्या आधी एकदा म्हापशाला दुलेर स्टेडियमवर घेऊन या. गोवा प्रो लीग असते तिथे. तुम्हाला शुक्रवारच्या बाजाराचा रस्ता ठाऊकच आहे. खेळाडूचा श्वास ऐकू येतो इतक्या जवळ बसता येतं. कोच शिव्या कोंकणीतून घालतो, मुलाच्या ज्ञानात भर.

लाल_पाखरू_चिपळूण

मी शाळेत पीटी शिकवते, लिव्हरपूल क्लबची फॅन आहे (युनायटेडची जुनी वैरी), त्यामुळे झेरॉक्सवाल्या दादांच्या मुलाबद्दल मला जेवढी वाटायला हवी तेवढी सहानुभूती वाटत नाहीये. :)

पण वरचं सगळं वाचून थोडं भांडावंसं वाटतंय. आपण स्वतःला एवढं बिचारं का करून घेतो? "गल्ला भरायला येतात" म्हणे. अहो, गल्ला आपण आधीच भरलाय! प्रीमियर लीगला आता इंग्लंडबाहेरच्या प्रक्षेपणाचे पैसे घरच्यापेक्षा जास्त मिळतात. आपल्या वर्गणीचे चार पैसे त्यात आहेतच. आणि गंमत म्हणजे शनिवारी दुपारी तीनची मॅच इंग्लंडमध्ये टीव्हीवर दाखवत नाहीत. पावणेतीन ते सव्वापाच बंदीच आहे, लोकांनी आपल्या गावच्या मैदानावर जावं म्हणून. तीच मॅच मी चिपळुणात साडेसातला, हिवाळ्यात साडेआठला, भाकऱ्या थापत बघते. अॅनफिल्डच्या (आमच्या क्लबच्या मैदानाच्या) मागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्याला दिसत नाही ती मॅच मला दिसते. मग मी नकली फॅन आणि तो अस्सल? ज्यांच्या घरापासून मैदान बसने वीस मिनिटांवर, त्यांना निष्ठेवर बोलणं सोपं असतं.

वर्षातून एक टीम एकदा आपल्या बाजूला येते, आळसावून का होईना खेळते, पोरं तिला डोळ्यांनी बघतात. जुलै २०२५ला लिव्हरपूल हाँगकाँगला आली तेव्हा आमच्या टीममधल्या जोटाला जाऊन महिनाही झाला नव्हता. मिलानकडून २-४ हरलो. मी टीव्हीवर बघत होते. हजारो मैलांवरची माणसं विसाव्या मिनिटाला त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होती. त्यांना तिथे बसून त्याच्यासाठी रडायचं होतं, तो हक्क त्यांना होताच ना?

मात्र एक रेघ मी ओढते. सरावाच्या मॅच कुठेही खेळा. लीगचे सामने हलवायचे नाहीत. २००८ला प्रीमियर लीगने परदेशात एक जादा फेरी, ती "एकोणचाळिसावी मॅच", काढायचं घाटत होतं, लोकांनी हाणून पाडलं. २०२५ला स्पेनमध्ये व्हियारेआल-बार्सिलोना ही लीगची मॅच थेट मायामीला न्यायचं ठरलं होतं. निषेध म्हणून खेळाडू किक-ऑफनंतर पंधरा सेकंद जागचे हललेच नाहीत, आणि तुम्ही फातोर्ड्याला गेलात त्याच आठवड्यात तो बेत रद्द झाला. कारण साधं आहे. सरावाची मॅच आपल्याला दिली तर कोणाचं काही जात नाही. लीगची दिली तर व्हियारेआलच्या एका माणसाचा वर्षातला मोठा रविवार जातो. तो मला नको.

आणि आमच्या लोकांनी २०१६ला काय केलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिकीट ७७ पौंड करायला निघाले होते. संडरलँडच्या मॅचला ७७व्या मिनिटाला दहाएक हजार माणसं उठून निघून गेली. तेव्हा आम्ही २-० पुढे होतो, मॅच सुटली २-२! पण चार दिवसांत मालकांनी माफी मागून दर मागे घेतला. म्हणजे धंदा चालतो तो आपण बसून राहतो म्हणून.

दादा, मुलाला न्या. पण त्याला विचारून न्या की त्याला काय बघायचंय.

डेकवरून

@लाल_पाखरू, उठून निघून जायला घर जवळ लागतं. हाँगकाँगला आम्ही नऊ हजार भरून आलेलो, शेवटच्या मिनिटापर्यंत बसलो. ओरडलो, पण बसलो. बाकी तुमचं पटलं.

झेरॉक्सवाला_वेंगुर्ला

सगळ्यांचे आभार. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून तीनदा वाचलं. नंतर पोरालाही वाचायला दिलं. "जर्सीचा कित्याक सांगितलास सगळ्यांक?" एवढीच त्याची पहिली प्रतिक्रिया.

मडगांवकरांचं ऐकून परवा दुलेरला गेलो. खरं सांगू? पहिली वीस मिनिटं पोरगा मोबाइल बघत होता. रीप्ले नाही, समालोचन नाही, लांब पास गेला की नुसता धप्प असा आवाज. मग एका बॅकला आमच्या समोरच्या टचलाइनवर लागलं. फिजिओ यायच्या आत त्याने स्वतःच बूट काढला, मोजा खाली केला, अंगठ्याचं नख अर्धं उचकटलेलं. पाणी ओतलं, चिकटपट्टी दाताने तोडून गुंडाळली, पुन्हा बूट चढवला आणि गेला आत. दोन हातांवर होतो आम्ही. पोराने मोबाइल खिशात घातला तो मॅच संपेपर्यंत काढला नाही. येताना म्हणाला, "टीव्हीवर ह्या दिसत नाय."

पण म्हणून त्याचं युनायटेड सुटलं असं समजू नका. रात्री परत तेच. लाल_पाखरू मॅडम, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी विचारलं त्याला, तुला नक्की काय बघायचंय? बराच वेळ विचार करून म्हणाला, ते हरल्यावर तोंडं कशी करतात ती जवळून बघायची आहेत. टीव्हीवर लगेच जाहिरात लावतात म्हणे.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून असं ठरवलंय: या पावसाळ्यात मलेशिया नाही. ८५ हजार एकरकमी नाहीतच, आणि कलमं लावायला जागाही नाही. पासपोर्टचे अर्ज मात्र भरतोय दोघांचे. पोराचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा तो अठराचा होईपर्यंत, जे आधी येईल तेवढाच निघतो, म्हणजे तेवढ्या मुदतीत कुठेतरी जाऊ. मेहुण्याला कळवलंय की पोस्टरवर कोणाचं तोंड आहे ते सांगू नकोस, समोर कोण खेळतंय ते सांग. तोवर महिन्यातून एकदा दुलेर, शुक्रवारचा बाजार धरून.

हे सगळं जेवताना घरात सांगितलं. बायकोने भात वाढता वाढता ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मॅच पाडव्याक नाय ना?"